चाळीस मुलं, एक बॅट

प्राथमिक शाळेतला खेळाचा तास म्हटलं की मला गावच्या शाळेमागची बाभूळ आठवते. मुलगे क्रिकेट खेळायचे आणि आम्ही सातआठ मुली त्या झाडाखाली बसायचो. चेंडू कुंपणापलीकडे गेला की हाक यायची, ‘चेंडू आण गं!’ मग आमच्यातली कुणीतरी काटे चुकवत जायची. पहिली ते चौथी या चार वर्षांत माझ्या हातात बॅट एकदाही आली नाही. कुणी अडवलं नव्हतं. मागायची हिंमत नव्हती, आणि मागून मिळाली असती तरी चेंडूला लागली नसती, कारण मारायचं कसं हे कुणी शिकवलंच नव्हतं.

पुढे मी स्वतः प्राथमिक शिक्षिका झाले आणि पहिली काही वर्षं अगदी तेच केलं. खेळाचा तास आला की कपाटातली बॅट नि चेंडू काढून द्यायचा आणि वह्या तपासायला बसायचं. मुलं खूश दिसायची. झाडाखाली कोण बसलंय इकडे माझं लक्ष नव्हतं. मी स्वतः कधीकाळी तिथेच बसत होते, तरीही नव्हतं.

माझे डोळे एका साध्या हिशेबाने उघडले. अर्ध्या तासाचा खेळ धरा. दर अर्ध्या मिनिटाला एक चेंडू टाकला गेला तर होतात ६० चेंडू. वर्गात ४० मुलं असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला येतो दीड चेंडू. हा दीडही सगळ्यांना मिळत नाही. ज्याला मारता येतं तो खेळत राहतो आणि ज्याला येत नाही तो पहिल्याच चेंडूला बाद होऊन बाहेर जातो. म्हणजे सरावाची गरज ज्याला सगळ्यात जास्त, त्यालाच सगळ्यात कमी सराव. वाचनाच्या तासाला आपण वर्गात एकच पुस्तक ठेवलं, अडखळणाऱ्या मुलाच्या हातून ते पहिल्या चुकीला काढून घेतलं आणि अस्खलित वाचणाऱ्याकडे तासभर ठेवलं, तर पालक शाळेत येऊन जाब विचारतील. मैदानावर हेच रोज होतं आणि कुणाला खटकत नाही.

माझं म्हणणं असं आहे: पहिली ते चौथीच्या प्रत्येक मुलाला फळीने चेंडू मारायला शिकवणं हे शाळेचं काम आहे, जसं बेरीज-वजाबाकी शिकवणं आहे तसंच, आणि त्यासाठी एका मुलामागे एक फळी हवी. क्रिकेटची बॅट नंतर. फळी म्हणजे टेबल टेनिसच्या बॅटपेक्षा थोडी मोठी, आखूड मुठीची, हलकी लाकडी फळी. तिला मुलं फळीच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणते.

आखूड मूठ का, हे नीट समजून घ्यायला हवं. लहान मुलाला आपला हात कुठे आहे हे न बघता कळतं. तळहाताने फुगा उडवायला चार वर्षांच्या मुलालाही जमतं. हातात काठी दिली की चेंडू जिथे लागायला हवा ती जागा हातापासून दूर जाते, आणि जितकी दूर तितका अंदाज चुकतो. त्यात ती वस्तू जड असेल तर मनगट तिला पेलत नाही, मूल दोन्ही हातांनी ती छातीशी धरतं आणि चेंडू येऊन गेल्यावर फिरवतं. आपण म्हणतो, ‘याचं लक्ष नाही.’ लक्ष असतं, पण हत्यार त्याच्या मापाचं नसतं. फळी ही जणू रुंद केलेला तळहात. चेंडूच्या वेगाचंही तसंच. फुगा हळू उतरतो, मुलाला विचार करायला वेळ देतो. मग स्पंजचा चेंडू, त्यानंतर भोकांचा प्लास्टिकचा, आणि टेनिसचा चेंडू सगळ्यात शेवटी.

टेनिसवाल्यांना हे उमगलंय. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने २०१२ पासून दहा वर्षं आणि त्याखालच्या मुलांच्या स्पर्धांत नेहमीच्या पिवळ्या चेंडूला बंदी केली. मुलांसाठी लाल, नारिंगी आणि हिरव्या खुणेचे मंद चेंडू आले. लाल चेंडू नेहमीच्या चेंडूपेक्षा ७५ टक्क्यांपर्यंत मंद, नारिंगी ५० टक्के, हिरवा २५ टक्के. मैदानही वयाप्रमाणे लहान. जगातली एक अत्यंत स्पर्धात्मक खेळसंस्था लहानांसाठी नियम वाकवते, आणि आपण दुसरीच्या पोरासमोर मोठ्यांची बॅट ठेवतो.

हे शहाणपण आपल्याला परक्याकडूनच घ्यावं लागतं असंही नाही. विटीदांडू नीट आठवून पाहा. दांडू ज्याचा त्याने आपल्या हाताच्या मापाने तोडलेला, म्हणून पाचवीच्या मुलाचा वेगळा आणि पहिलीतल्याचा वेगळा. सुरुवात गलीवर, म्हणजे जमिनीतल्या छोट्या खळगीवर, आडव्या ठेवलेल्या विटीपासून. ती हलत नाही, नुसती कोलायची. मग जमिनीवरच्या विटीच्या टोकावर टिचकी देऊन ती उडवायची आणि हवेत असताना टोला हाणायचा. पुढे वकट, लेंड, मूंड, नाल अशी मोजणी. तेलुगू-कानडीच्या वळणाचे हे आकडे मराठी पोरांच्या तोंडी कधी रुळले कोण जाणे! पण त्या मोजणीत विटी कधी पावलावर, कधी मुठीवर, कधी डोळ्यावर ठेवून उडवायची असते. नावं आणि क्रम गावोगाव बदलतात. आधी स्थिर वस्तू, मग स्वतः उडवलेली, मग अवघड जागेवरून उडवलेली, अशी चढती भांजणी मात्र सगळीकडे दिसते. मारणं शिकवण्याचा याहून चांगला क्रम मला कुठल्या प्रशिक्षणात मिळाला नाही. विटी टोकदार असते, डोळा जाऊ शकतो, म्हणून मी ती चाळीस मुलांच्या वर्गात आणणार नाही. तिच्यातला क्रम मात्र मी जसाच्या तसा उचलला आहे.

वर्गात ते असं चालतं. पहिल्या दिवशी फळ्या दिसतही नाहीत. प्रत्येकाला एक फुगा, आणि तो तळहाताने हवेत ठेवायचा. दोनतीन दिवसांनी फळी येते, पण मारायला नाही. तिच्यावर चेंडू ठेवून चालायचं, वळायचं, खाली बसून उठायचं. चेंडूचं वजन मनगटाला कळू लागलं की फळीवरच तो छोटा छोटा उडवायचा, एक टप्पा, दोन टप्पे, दहा टप्पे. मग फळीने जमिनीवर आपटत न्यायचा. त्यानंतर भिंत. चेंडू हातातून सोडायचा, एक टप्पा पडू द्यायचा आणि भिंतीवर मारायचा. भिंत कधी कंटाळत नाही आणि कुणाला हसत नाही. जोडीदार त्यानंतर, आणि दोन खुर्च्यांना बांधलेली सुतळी सगळ्यात शेवटी.

या सगळ्यात मी एका वेळी एकच गोष्ट सांगते. आज फक्त ‘बाजू भिंतीकडे’. उद्या ‘फळी मागे’. परवा ‘पाय पुढे’, म्हणजे उजव्या हाताने मारणाऱ्याचा डावा आणि डावखुऱ्याचा उजवा. शेवटी ‘फळी खांद्यापर्यंत’, म्हणजे चेंडू लागल्यावर हात जागीच थांबवायचा नाही, समोरच्या खांद्याकडे जाऊ द्यायचा. या चार गोष्टी माझ्या कल्पनेतल्या नाहीत. डेल उलरिख या अमेरिकी अभ्यासकाने तीन ते दहा वर्षांच्या मुलांची हालचाल तपासण्यासाठी तयार केलेली चाचणी जगभर वापरली जाते. तिच्या तिसऱ्या आवृत्तीत १३ कौशल्यं आहेत, सहा धावण्या-उड्या मारण्याची आणि सात चेंडूची. त्या सातांत एका हाताने, छोट्या फळीने, स्वतः टप्पा देऊन चेंडू मारणं हे कौशल्य आहे, आणि ते चार खुणांवर तपासतात: यातल्या शेवटच्या तीन, आणि चेंडू भिंतीकडे जातो का ही चौथी. किती लांब गेला, कुणाला हरवलं, हे त्यात विचारलेलं नाही. मूल मारताना दिसतं कसं, एवढंच पाहायचं. बाईंना, गुरुजींना स्वतः खेळाडू असण्याची गरज नाही ती यामुळेच. चार गोष्टी बघता आल्या की पुरे.

डावखुऱ्या मुलांविषयी एक सांगून टाकते. फळीला डावी-उजवी बाजू नसते. कुठल्या हाताने धरायची हे मुलाला ठरवू द्या. घरी जेवताना, लिहिताना ज्यांच्या डाव्या हातावर चापट बसते त्यांना निदान मैदानात तरी मोकळं सोडूया.

आता खेळाचं. नुसता सराव घेतला तर सहा वर्षांचं मूल पाच मिनिटांत कंटाळतं, हे खरं. म्हणून खेळ हवाच. पण कुठलाही खेळ चालत नाही, आणि इथे माझं अनेक सहकाऱ्यांशी पटत नाही. खेळ घेतला म्हणजे शिकणं आपोआप झालं असं ते मानतात. दोन रांगा करून फळीवर चेंडू ठेवून शर्यत लावली की आरडाओरडा होतो, तास रंगतो. पण रांगेतली उरलेली एकोणीस मुलं काय करत असतात? वाट बघत असतात. आणि ज्याच्या फळीवरून चेंडू पडतो त्याच्यावर आख्खी रांग ओरडते. ‘बाद’ या शब्दाचा लहान मुलासाठी एकच अर्थ असतो: जा, झाडाखाली बस.

म्हणून माझे दोन नियम आहेत. कुणी बाद होत नाही, आणि प्रत्येकाच्या हातात प्रत्येक क्षणी काम असतं. आमच्या मुलांचा सगळ्यात लाडका खेळ म्हणजे अंगण झाडणं. मैदानाच्या मध्ये चुन्याची रेघ. दोन्ही बाजूंना वीस-वीस मुलं आणि साठेक चेंडू: स्पंजचे, जुन्या मोज्यात चिंध्या भरून शिवलेले, हाताला लागतील ते. शिट्टी वाजली की आपल्या अंगणातला चेंडू फळीने जमिनीलगत ढकलून पलीकडे पाठवायचा. दोन मिनिटांनी शिट्टी, सगळ्यांनी थांबायचं, ज्यांच्या अंगणात चेंडू कमी ते जिंकले. कोण किती वेळा चुकलं हे त्या गर्दीत कुणालाच दिसत नाही. चुकायला लाजणारं मूल इथे पहिल्यांदा जोरात फळी फिरवतं. पुढच्या आठवड्यात तोच खेळ सुतळीवरून, मग टप्पा देऊन. खेळ तोच राहतो आणि कौशल्य एकेक पायरी वर जातं.

धोका आहे, तो लपवून चालणार नाही. चाळीस फळ्या एकाच वेळी फिरतात तेव्हा कुणाच्या तरी कपाळाला लागू शकते. मुठीला भोक पाडून सुतळीचा फास मनगटात घालायचा, म्हणजे फळी हातातून निसटत नाही. उभं राहताना दोन्ही हात पंखांसारखे पसरायचे. कुणाला हात लागला तर सरकायचं. आणि शिट्टी वाजली की फळी पायाशी, हा नियम पहिल्या दिवसापासून. एवढं पाळलं तर खोखोपेक्षा जास्त खरचटत नाही.

आता पैशाचा प्रश्न, कारण बैठकीत तो पहिला निघतो. समग्र शिक्षा अभियानात सरकारी प्राथमिक शाळेला क्रीडा साहित्यासाठी वर्षाला ५,००० रुपये, उच्च प्राथमिकला १०,००० आणि माध्यमिकला २५,००० अशी तरतूद आहे. पाच हजारांत येतं काय? बहुधा एक क्रिकेटचा संच, दोन व्हॉलीबॉल, उड्या मारायच्या दोन दोऱ्या, पावती आणि कपाटाचं कुलूप. त्याऐवजी आठ बाय चार फुटांचं सहा मिलिमीटर जाडीचं प्लायवूड आणा. साडेसात इंच रुंद आणि पंधरा इंच लांब असे तुकडे पाडले तर एका तक्त्यातून ३६ फळ्या निघतात. गावचा सुतार आराखडा आखून दिल्यावर एका दिवसात कापून देतो. कडा घासायच्या, मुठीला दोन्हीकडून पट्ट्या चिकटवून कापडाची पट्टी गुंडाळायची. अशी फळी पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास भरते आणि वर्षानुवर्षं टिकते. उरलेल्या पैशांत चेंडू येतात.

कायद्याकडे पाहिलं की मात्र मन खट्टू होतं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला मैदान आणि प्रत्येक वर्गाला गरजेप्रमाणे खेळाचं साहित्य द्यावं असं लिहिलं आहे. ‘प्रत्येक वर्गाला’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. पण त्याच परिशिष्टात शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ शिकवणारा, सांगितला आहे तो सहावी ते आठवीसाठी, तोही शंभरावर पट असेल तर. पहिली ते पाचवीसाठी कुणीच नाही. मूल मारायला, फेकायला, झेलायला शिकतं ते वय सहा ते दहा. त्या वयात शिकवणारा नाही, आणि तो येतो तेव्हा वर्गात दोन जाती तयार झालेल्या असतात: खेळणारे आणि बघणारे. अमेरिकेतले व्हर्न सीफेल्ट यांनी १९८० मध्येच या अडथळ्याची कल्पना मांडली होती. मूलभूत कौशल्यं ठरावीक पातळीपर्यंत आली नाहीत तर पुढे मूल खेळांच्या दारातच अडतं. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधल्या मुलांचा काही वर्षं माग काढला गेला, तेव्हा लहानपणी चेंडूची कौशल्यं बरी असलेली मुलं किशोरवयात अधिक हालतीफिरती राहिलेली आढळली. २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने शारीरिक शिक्षणाला स्वतंत्र विषयाचा मान दिला आहे. हा मान पहिलीच्या वर्गापर्यंत कसा पोचणार, हे आम्हा वर्गशिक्षकांवरच सोपवलेलं आहे, म्हणून तर मी हे लिहिते आहे.

सहकारी म्हणतात, आधी वाचन-गणित. जुलै २०२१ मध्ये निपुण भारत आल्यापासून तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला वाचता यावं, आकडेमोड यावी यासाठी शाळा झटत आहेत, आणि ते योग्यच आहे. मी तेच काम करते. पण फळीमुळे गणित सुधारतं असलं आश्वासन मी देणार नाही. तसं म्हटलं की अधिकारी लगेच मान डोलावतात हे मला माहीत आहे, तरी नाही देणार. चेंडू मारता येणं ही स्वतःच एक येणारी गोष्ट आहे. तिला दुसऱ्या विषयाची शिफारस लागू नये.

दुसरा आक्षेप असा की गल्लीत मुलं आपोआप शिकतात, शाळेने कशाला शिकवायचं? शिकतात, ज्यांना गल्ली मिळते ती. ज्यांना मोठा भाऊ आहे, संध्याकाळी घराबाहेर राहायची मुभा आहे, ज्यांच्या कडेवर धाकटं भावंड नाही. घरात पुस्तकं असलेली मुलंही वाचायला आपोआप शिकतात; म्हणून आपण वाचन शिकवणं सोडत नाही. मैदान नाही, हा शहरातल्या शाळांचा आक्षेप त्या मानाने सोपा आहे. क्रिकेटला मैदान लागतं. फुग्याला आणि फळीला व्हरांडा पुरतो, आणि दोन बाकांमध्ये सुतळी बांधली की वर्गखोलीसुद्धा.

फळीतून पुढे कुठे जाता येतं? जवळजवळ कुठेही. १९६५ मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या बेनब्रिज बेटावर जोएल प्रिचर्ड यांच्या घरी सुट्टीत मंडळी कंटाळली होती. बॅडमिंटनचं मैदान होतं, पण साहित्य पुरेसं नव्हतं. मग टेबल टेनिसच्या बॅट आणि भोकांचा प्लास्टिकचा चेंडू घेऊन खेळ सुरू झाला, जाळी छत्तीस इंचांवर उतरली आणि पुढे फळ्या प्लायवूडच्या कापल्या गेल्या. तेच पिकलबॉल. आज पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत त्याची मैदानं झपाट्याने होत आहेत आणि मोठी माणसं महागड्या फळ्या घेऊन तो शिकायला जात आहेत. आपल्या सांगलीचे नंदू नाटेकर आधी टेनिस खेळायचे, मग बॅडमिंटनकडे वळले आणि १९५६ मध्ये मलायात सेलांगर स्पर्धा जिंकून परदेशात अजिंक्यपद मिळवणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले. ज्या बॅडमिंटनचे सुरुवातीचे नियम १८७३ मध्ये पुण्याच्या लष्करी छावणीत लिहिले गेले, त्याच पुणे जिल्ह्यातल्या किती शाळांत दुसरीतल्या मुलीच्या हातात फळी असते?

माझ्या वर्गात एक मुलगी होती. शाळेत बोलायची नाही, मैदानावर यायची नाही, यायची ती धाकट्या भावाला घेऊन. फुग्याच्या दिवशी ती व्हरांड्याच्या कोपऱ्यात एकटीच उडवत होती. बऱ्याच वेळाने माझ्याजवळ येऊन म्हणाली, ‘बाई, माझा एकदापण पडला नाही.’ पावसाळा संपेपर्यंत ती भिंतीवर सलग तीस मारू लागली. मोजायची मोठ्याने, आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात.

त्या भिंतीवरून मात्र शाळेत वाद झाला. सगळ्या भिंती रंगवून बोलक्या करायच्या ठरल्या होत्या, फळं, पक्षी, पाढे आणि सुविचार. मैदानाकडच्या भिंतीवर चेंडूचे गोल मळकट ठसे उमटलेले, ते वाईट दिसतात म्हणून रंगारी तिथूनच सुरुवात करणार होता. मी शाळा व्यवस्थापन समितीत ती एक भिंत मागून घेतली. तिच्यावर आता चित्रं नाहीत, अक्षरं नाहीत. जमिनीपासून तीन फुटांवर एक आडवी पांढरी रेघ आहे, पलीकडच्या जाळीची खूण म्हणून, आणि रेघेच्या वर ठसे आहेत. खालच्या बाजूला, पहिलीतल्या मुलांसाठी, आणखी एक रेघ हवी असं मुलांचं म्हणणं आहे. दिवाळीच्या सुट्टीत ती ओढायची आहे.